शिकारीचा नाद आणि परतीची हाक

अल्लाहने शिकार हलाल केली आहे. सूरह अल-माइदामध्ये तिचे नियम सांगितले आहेत, हदीसच्या संग्रहांत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि फिक्हच्या ग्रंथांत जबीहाच्या बरोबरीने शिकारीचीही चर्चा येते. तरीही ह. अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई यांनी नोंदविलेल्या एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इशारा दिला आहे की, जो शिकारीच्या मागे लागतो तो गाफील होतो. म्हणजे जी गोष्ट ताटात आली असता निर्मळ आहे, तीच मनात शिरली असता माणसाला झोपवते. हे कसे घडते, आणि हलालच्या मर्यादेत राहूनही माणूस कोणत्या क्षणी आपल्या हातून निसटतो, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

वाचक विचारतील की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवलीत राहणाऱ्याचा शिकारीशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून केली जाणारी उरलीसुरली शिकारही बंद झाली. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला पसरलेली ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत गेली. तेथे हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकावर बंदूक रोखणे हा गुन्हा आहे, आणि देशाचा कायदा पाळणे हे मुसलमानाच्या वचनपालनाचाच भाग आहे. परंतु याच उपनगरांतील कितीतरी घरांतील मुले आज अमेरिका-कॅनडात नोकरीला आहेत. तेथे परवाना घेऊन बदकांची आणि टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याची शिकार करता येते. सहकारी सोबत चलण्याचा आग्रह करतात आणि मुलगा घरी फोन करून विचारतो, “अब्बा, जाऊ का?” दुसरे असे की, ज्या नादाने शिकारी पहाटे चिखलात जाऊन बसतो, तोच नाद बंदुकीशिवायही आपल्या घरात राहतो. म्हणून आधी तो नाद समजून घ्यावा.

पहाटेचा आडोसा

पाणपक्ष्यांचा शिकारी उजाडण्यापूर्वी निघतो. बोचऱ्या थंडीत तो गवत-बोरूचा आडोसा करून पाण्याच्या काठी दडतो. समोर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खोटी बदके तरंगत सोडलेली असतात. अंधारात आधी पंखांचा सूं-सूं आवाज येतो, थवा दिसत नाही. मग फटफटू लागताच आकाशाच्या कडेला काही ठिपके दिसतात. शिकारी तोंडातल्या शिट्टीने बदकाची बोली बोलतो. थवा वळतो, एक घिरटी घालतो, दुसरी घालतो, पंख आखडून खाली येऊ लागतो आणि कधी उतरतो, तर कधी अगदी शेवटच्या क्षणी शंका येऊन दूर निघून जातो.

टर्कीची शिकार याहूनही मनाला बांधणारी, असे ती करणारे सांगतात. वसंत ऋतूत नर पक्षी पहाटे झाडावरून साद घालतो. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नर त्याला उत्तर देतो. माणूस बोलतो आणि रानातून उत्तर येते, यात विलक्षण ओढ आहे. पण निसर्गाच्या रीतीप्रमाणे मादीने नराकडे जायचे असते. त्यामुळे नर अर्ध्या वाटेवर येऊन थबकतो आणि वाट पाहतो. त्याची नजर इतकी तीक्ष्ण की पापणीपेक्षा थोडी जास्त हालचाल झाली तरी तो पसार होतो. दोन तास श्वास रोखून बसलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, आणि नवल असे की दुसऱ्या दिवशी तो अधिकच उत्सुकतेने उठतो.

या वर्णनात मांसाचा उल्लेख कोठे आला नाही, हे लक्षात घ्यावे. भूक हे या नादाचे कारण असते तर बाजारात कोंबडी मिळताच तो संपला असता. नादाचे मूळ ‘कदाचित’ या शब्दात आहे.

मानसशास्त्राने हे गेल्या शतकात प्रयोगाने दाखविले, आणि योगायोग असा की तो प्रयोग पक्ष्यांवरच झाला. अमेरिकेतील शास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पिंजऱ्यातील कबुतरांना चोच मारल्यावर दाणे मिळण्याची व्यवस्था केली. ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळे तेव्हा कबुतर दाणा घेऊन थोडे विसावत असे. पण दाणा केव्हा मिळेल याचा नेम नाही असे केले, की ते अथक टोचत राही, आणि दाणे बंद झाल्यावरही बराच काळ थांबत नसे. १९५७ मध्ये स्किनर आणि फर्स्टर यांनी या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील पेशींचे निरीक्षण करून दाखविले की, रसाचा थेंब मिळणार याची खूण ओळखीची झाली की मेंदू थेंबाला नव्हे तर त्या खुणेलाच उसळून प्रतिसाद देतो. प्राप्तीपेक्षा प्राप्तीची चाहूल बलवान ठरते.

म्हणून पक्षी पडल्यावर शिकाऱ्याचा आनंद क्षणात ओसरतो आणि त्याची नजर पुन्हा आकाशाकडे जाते. आडोशातला माणूस आणि पिंजऱ्यातले कबुतर यांत त्या घडीला फारसे अंतर उरत नाही. दोघेही समजतात की आपण शोधतो आहोत, आणि दोघांनाही कोणीतरी धरून ठेवलेले असते.

खेतवाडीतील चिमण्या, भरतपूरची बदके

आपल्या मुंबईतच याचे एक बोलके उदाहरण आहे. पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ मध्ये झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने ते खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. सुट्टीत हे कुटुंब चेंबूरला राहायला जाई. तेव्हा तेथे वस्ती तुरळक आणि रान दाट होते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी बालपणीच्या शिकारीची हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते आणि नर बाहेर राखण करीत बसे. दहा-अकरा वर्षांच्या सालिमने हवेच्या बंदुकीने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, त्यालाही टिपले. असे करता करता सात दिवसांत त्याच जागेवर आठ नर पडले.

आठवी चिमणी भुकेसाठी मारलेली नव्हती. पहिलीने मुलाला काही दिले होते आणि तेच पुन्हा मिळते का, हे पाहण्यात आठवडा गेला. शिकारीचा नाद कसा लागतो याचे इतके प्रामाणिक वर्णन क्वचित वाचायला मिळते.

परंतु याच मुलाच्या हाती पुढे एक वेगळी चिमणी आली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती हंडीत जाण्यापूर्वी त्याच्या मनात शंका आली की, हा पक्षी मुसलमानाला खाण्यास योग्य आहे की नाही? तो थांबला आणि मामांकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे ओळखले आणि मुलाला पेंढा भरून जतन केलेले असंख्य पक्षी दाखविले. तेथून एका शिकारी पोराचा पक्षीशास्त्रज्ञ होण्याचा प्रवास सुरू झाला.

येथे अतिशयोक्ती करू नये. सालिम अलींची शिकारीची आवड त्या दिवशी संपली नाही, आणि शास्त्रीय नमुन्यांसाठी त्यांनी पुढेही बंदूक वापरली. त्यांच्या धार्मिक जीवनाविषयी काही सिद्ध करण्याचाही येथे हेतू नाही. घ्यायचे ते एवढेच की, सात दिवस जे बोट चापावरून हटले नव्हते, ते ‘हे मला योग्य आहे का?’ या एका प्रश्नाने थांबले. आणि थांबल्यावर प्रथमच मुलाने हातातल्या पक्ष्याकडे नीट पाहिले. आठ चिमण्यांपैकी एकीचाही रंग त्याने असा न्याहाळला नव्हता.

जेथे हा प्रश्न उठतच नाही तेथे काय होते, याचे उदाहरण राजस्थानातील भरतपूर. तेथील पाणथळीत संस्थानी काळात पाहुण्यांसाठी बदकांच्या शिकारीचे मोठे सोहळे होत. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. या संख्येला कोणत्याही भुकेचे माप लागू पडत नाही. तेथे मोजणे हाच खेळ झाला होता. त्याच भरतपूरच्या रक्षणासाठी पुढे सालिम अलींनी आपले वजन खर्च केले, आणि १९८२ मध्ये ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले. ज्या पाण्यावर बंदुका मोजत होत्या, त्या पाण्यावर आज पक्षीनिरीक्षक मोजतात.

शिकवलेला कुत्रा कोणाला म्हणावे?

आता शरीअतकडे वळू. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत पाळीव शिकारी जनावराने पकडलेली शिकार हलाल ठरविली आहे, पण दोन अटी घालून. जनावर शिकवलेले असावे, आणि त्याने ती शिकार तुमच्यासाठी पकडलेली असावी. सोबत अल्लाहचे नाव घेण्याची आणि त्याचे भय बाळगण्याची आज्ञा आहे. जनावराला जे शिकविता तेही अल्लाहनेच तुम्हाला शिकविलेल्या ज्ञानापैकी आहे, याची आठवणही तेथेच करून दिली आहे.

ह. अदी बिन हातिम (रजि.) हे शिकारीचे जाणकार सहाबी. त्यांनी प्रेषितांना (स.) या विषयी बारकाईने विचारले, आणि उत्तरे बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहेत. कुत्रा सोडताना अल्लाहचे नाव घेतले असेल तर त्याने धरलेले खावे. मात्र कुत्र्याने त्यातले स्वतः खाल्ले असेल तर खाऊ नये, कारण ते त्याने स्वतःसाठी धरले असावे. दुसरा अनोळखी कुत्रा सामील झाला असेल तर खाऊ नये, कारण अल्लाहचे नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नव्हे. आणि बाण लागलेली शिकार पाण्यात बुडालेली आढळली तर खाऊ नये, कारण तिला बाणाने मारले की पाण्याने, हे कळत नाही. पाणपक्ष्यांच्या बाबतीत आणि बंदुकीच्या गोळीच्या बाबतीत फकीहांनी अधिक तपशीलवार चर्चा केली आहे. ज्याला प्रत्यक्ष प्रसंग येईल त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

आपल्या विषयासाठी यातले मर्म वेगळे आहे. कोकणी घरांत चालणाऱ्या शाफई फिक्हमध्ये शिकवलेल्या कुत्र्याच्या खुणा सांगितल्या आहेत: सोडले की जावे, रोखले की थांबावे आणि पकडलेले स्वतः खाऊ नये. दख्खनी घरांतील हनफी फिक्हमध्ये ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याची खूण अशी की, हाक मारताच त्याने परत यावे. उंच आकाशात, भक्ष्य समोर असताना, रक्त तापलेले असताना मालकाचा आवाज ऐकून जो वळतो, तोच शिकवलेला. बाकीचा कितीही चपळ असला तरी तो केवळ रानटी.

मग विचार करा. ज्या धर्माने कुत्र्याकडून आणि ससाण्याकडून एवढ्या संयमाची अपेक्षा केली, तो त्यांच्या मालकाकडून कमी अपेक्षा कशी करील? जनावराने स्वतःच्या वासनेसाठी धरलेली शिकार मालकाला चालत नाही, तर माणसाने केवळ वासनेसाठी केलेला पाठलाग त्याच्या मालकाला कसा रुचेल? शिकारीचा नाद म्हणजे दुसरे काय? ज्या घडीला परतीची हाक ऐकू येत नाही, ती गफलतीची घडी. शिकार तेव्हाही हलाल असू शकते, शिकारी मात्र शिकवलेला राहत नाही.

याच सूरहच्या ९४ व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की, हात आणि भाले पोहोचतील इतक्या जवळ शिकार आणून तो ईमानधारकांची परीक्षा घेईल, न पाहता त्याला कोण भितो हे उघड व्हावे म्हणून. भाष्यकारांनी लिहिले आहे की, हुदैबियाच्या वर्षी इहराममध्ये असलेल्या सहाबांच्या तळाजवळ जनावरे आणि पक्षी मुबलक येत होते, आणि इहराममध्ये शिकार वर्ज्य होती. सूरह अल-आराफमध्ये समुद्रकाठच्या त्या वस्तीची हकीकत आहे, जेथे शब्बाथच्या दिवशी मासे पाण्यावर उघड दिसत आणि इतर दिवशी येत नसत. ती वस्ती कसोटीत उतरली नाही, सहाबा उतरले. दोन्ही ठिकाणी परीक्षा भुकेची नव्हती. समोर आलेले, सहज हाती लागणारे, मन खेचणारे सोडता येते का, याची होती.

शिकारी माणूस म्हणून कोणी तुच्छ ठरत नाही, हेही विसरू नये. प्रेषितांचे (स.) काका ह. हमजा (रजि.) शिकारीचे शौकीन होते. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की, रानातून परतल्यावर घरी जाण्याआधी ते काबागृहाची प्रदक्षिणा करीत. असेच धनुष्य खांद्यावर घेऊन परतताना एका स्त्रीने त्यांना सांगितले की, अबू जहलने तुमच्या पुतण्याचा अपमान केला आहे. ते तसेच गेले, अबू जहलला जाब विचारला आणि आपण पुतण्याच्या बाजूचे आहोत असे जाहीर केले. शिकारीने त्यांचे कान बंद केले नव्हते. हाक आली तेव्हा ती त्यांना ऐकू आली.

दुसऱ्या टोकाला ती तरुण मुले, ज्यांनी पक्षी बांधून त्यावर नेम धरण्याचा खेळ मांडला होता आणि चुकलेला प्रत्येक बाण पक्ष्याच्या मालकाला द्यायचा असे ठरविले होते. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना येताना पाहून ती पांगली, आणि त्यांनी सांगितले की जिवंत प्राण्याला निशाणा बनविणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. नसाईंच्या संग्रहात असाही इशारा आहे की, विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील की मला कोणत्याही उपयोगासाठी मारले गेले नाही. पृथ्वीवरील प्राणी आणि दोन पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, हे सूरह अल-अनआमने (६:३८) सांगितले आहे. खेळासाठी एका समुदायातून मोजून जीव काढणे, ही साधी करमणूक राहत नाही.

आपल्या घरातील शिकार

आता बंदूक बाजूला ठेवू. अंधेरीहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत उभा असलेला तरुण अंगठ्याने मोबाईलचा पडदा वर सारत असतो. दहा चित्रफिती निरस, अकरावी मजेदार, मग पुन्हा निरस. आडोशातल्या शिकाऱ्यापेक्षा त्याची अवस्था वेगळी नाही. थवा केव्हा उतरेल याचा नेम नाही, म्हणून नजर हटत नाही. क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावणारा, आणि हे तर उघड हराम आहे, तोही ‘थोडक्यात हुकले’ या भावनेवरच जगतो. शेवटच्या क्षणी वळलेला थवा शिकाऱ्याला जसा बांधून ठेवतो, तसा एका धावेने हुकलेला डाव त्याला बांधतो. पवईच्या काठी निवांत बसलेल्या छांदिष्टाचा गळ, ठाण्याच्या खाडीत नेम धरून बसलेला कॅमेरा, या मूळच्या निर्दोष गोष्टी. पण उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून चरणाऱ्या फ्लेमिंगोंच्या अंगावर नाव घालायला सांगणारा माणूस बंदूक नसतानाही शिकारीच आहे, आणि तोही न शिकवलेला.

म्हणून परदेशातल्या मुलाने फोनवर विचारले तर बापाने केवळ ‘हलाल आहे’ किंवा ‘जाऊ नकोस’ एवढेच सांगून थांबू नये. शिकवलेल्या जनावराच्या तीन खुणा त्याला सांगाव्यात आणि त्या स्वतःला लावून पाहायला सांगावे. तू कोणाच्या आज्ञेने निघालास: गरजेने, विचाराने, की केवळ काल हुकले म्हणून? मधेच हाक आली, फज्रची, आजारी पत्नीची, कामाची, तर तुला वळता येईल का? आणि जे धरशील ते कोणासाठी: घरच्यांच्या ताटासाठी, शेजाऱ्याच्या वाट्यासाठी, की भिंतीवरच्या छायाचित्रासाठी? तेथील कायदा दिवसाला किती पक्षी मारावेत याची मर्यादा घालतो आणि ती पाळलीच पाहिजे. पण ती बाहेरची मर्यादा आहे. आतली मर्यादा ज्याची त्याने घालायची असते.

हीच तीन माणसे मोजणारी फूटपट्टी आपण इथे, आपल्या दोन खोल्यांच्या घरातही लावू शकतो. मगरिबची अजान झाली आणि हातातला मोबाईल खाली ठेवला गेला, तर तो छंद आहे. आईने तिसऱ्यांदा हाक मारली आणि तरीही मान वर झाली नाही, तर ती गफलत आहे. मुलांवर ओरडण्यापूर्वी मोठ्यांनी आपली मान किती हाकांनी वर होते, हे मोजावे.

शिकाऱ्याच्या अंगी काही गुण खरोखर मोठे असतात. तो थंडीत उठतो, मौन पाळतो, तासन् तास एकाग्र राहतो, अपयशाने खचत नाही. ज्या घडीला तो आडोशात जाऊन बसतो, ती बहुधा फज्रच्या आसपासचीच घडी असते. म्हणजे माणसाला पहाटे उठता येत नाही, स्थिर बसता येत नाही, वाट पाहता येत नाही, ही आपली सबब खोटी आहे. ज्याची ओढ असते त्यासाठी शरीर उठते. सब्र आणि लक्ष या देणग्या अल्लाहने प्रत्येकाला दिल्या आहेत. त्या कोणाच्या मागे धावतात एवढाच प्रश्न आहे. अल्लाह आपल्याला हाक ऐकणारे कान आणि ती ऐकून वळणारे मन देवो. आमीन.